भाईंची गावपळण

कौल उजवा पडला आणि गावपळण ठरली. देवळातून निघालेली गावकर मंडळी घरोघर सांगत आली. आमच्या खळ्यातही दोघे उभे राहिले, आणि आई हात जोडत आतून धावली. मी ओटीवर भाईंच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते.

"देवाक ह्याच वर्स गावला?" मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

त्या दोघांतल्या गंगारामकाकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईनं मात्र वळून असं बघितलं की मी रुमाल पिळायच्या निमित्तानं आत सटकले. चाळिशी उलटली, पहिलीच्या वर्गाला धाकात ठेवते, पण आईच्या त्या नजरेपुढे माझं काही चालत नाही.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना नेहमी सांगावं लागतं. दर तीन-चार वर्षांनी आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी निघायचं. चूल पेटवायची नाही, विहिरीवर जायचं नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. खाडीपलीकडच्या भरडावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळमाळावर, झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या आणि देवानं पुन्हा कौल दिला की परत यायचं. मुंबईकर रजा टाकून येतात. रात्री भजनं, दिवसा पत्ते, मधल्या वेळेत दुसऱ्याच्या झोपडीत काय शिजलंय त्याची चौकशी. लहानपणी मला ते दिवस दिवाळीपेक्षा आवडायचे.

आणि गाव खरोखर रिकामा झाला का, हे बघायचं काम भाईंचं असायचं. भाई म्हणजे माझे वडील. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं, आणि आवाज असा की माडावर चढलेल्या माणसाशी रस्त्यावरून निवांत गप्पा मारत. गावपळणीच्या दिवशी ते वाडीवाडीतून हाका घालत फिरायचे, एकेका दारात डोकवायचे आणि सगळ्यांच्या मागून पूल ओलांडायचे. म्हातारं असो, बाळंतीण असो, कुणाला सूट नाही. "देवान सांगलेला तां सगळ्यांक," असं म्हणून ते स्वतः खाटेला खांदा द्यायचे.

तोच माणूस आता ओटीवर पडून होता. सुरुवात डाव्या हातापासून झाली. नारळ सोलताना हात मधेच गळायला लागला. वय झालं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग चप्पल पायातून सुटायला लागली, मग जीभ जड झाली. दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, भाई सकाळीच घेऊन बसले की काय. भाईंनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांनी दुकानाची फळी लावली ती त्या बोलण्यामुळे, पाय चालत नव्हते म्हणून नव्हे.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, औषध नाही, आणि सगळ्यात शेवटी श्वास जातो. "शेवटच्या दिवसांत यांना काय हवं, काय नको, ते सगळ्यांनी एकत्र बसून बोला," त्या म्हणाल्या. "आत्ताच बोला, ते बोलू शकतायत तोपर्यंत." सुदेश, माझा धाकटा भाऊ, फोन आल्याचं दाखवून बाहेर गेला. आईनं पिशवीतून डबा काढला. मी फायलीतले कागद नीट लावत बसले. एकत्र म्हणून आम्ही कधी बसलोच नाही.

त्याला दोन वर्षं झाली. आता पोटातल्या नळीतून पेज जायची, आणि नाकातोंडावर मुखवटा लावून एक यंत्र श्वास भरायचं. ते काढलं की तोंड पुसून होईपर्यंतच भाई तग धरायचे. हलायचे फक्त डोळे. मी शाळेतला मुळाक्षरांचा तक्ता घरी आणला होता. अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते आलं की भाई एकदा डोळे मिटायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नको. इतरांना कंटाळा यायचा. माझा जन्मच पोरांकडून अक्षरं गिरवून घेण्यात गेला, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

गावकर येऊन गेले त्याच दुपारी भाईंनी डोळ्यांनी तक्ता मागितला. आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी बोट फिरवत गेले, आणि अक्षरं जुळली: माका हंयच ठेव.

मला वाटलं, गाडीत घालताना अंग दुखतं म्हणून इथंच ठेव म्हणतायत. "भाई, गावात कोणाकच रवाक मिळना नाय. तुका मी सांगूचा?"

डोळे दोनदा मिटले. पुन्हा तक्ता. मशीन बंद कर. तुमी जावा.

माझं बोट तिथंच थांबलं. भाईंनी सगळा विचार करून ठेवला होता. गाव रिकामा असेल, कुणी धावत येणार नाही, कुणी गाडी बोलावणार नाही. तीन दिवसांनी परत याल तेव्हा सगळं झालेलं असेल. गाव रिकामा करण्यात ज्यांनी जन्म घालवला, त्यांना रिकाम्या गावाचा हा उपयोग सुचला होता.

"सोपा वाटला तुका?" माझं डोकं सणकलं. "मी काय माणूस नाय? बटन दाबूचा आणि पोतडी घेवन चलूक लागाचा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी ओरडायची थांबले तेव्हा त्यांनी पुन्हा तक्त्याकडे बघितलं. आयेक जमाचा नाय. सुदेश रडात. तू कर.

लहानपणी कोंबडी धरायची असली, पायातला काटा काढायचा असला, की भाई मलाच हाक मारायचे. सुदेश भित्रा, संचिता धीट. घरात ठरूनच गेलं होतं ते. मी तक्ता उलटा करून ठेवला आणि म्हटलं, "बघूया." हा शब्द मी वर्गात रोज वापरते. पोरांनाही कळतं की त्यात काही नसतं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सुदेशला काय सांगणार? तो डोंबिवलीहून आकांक्षाला, म्हणजे बायकोला, घेऊन आला तोच जनरेटर आणि बॅटरीच्या गोष्टी करत. बापाजवळ बसून दोन शब्द बोलणं त्याला जमत नाही, दोन मिनिटांत डोळे भरतात आणि तो उठून जातो. पण वायर, प्लग, फ्यूज हातात आलं की भूक-तहान विसरतो. त्याची माया सगळी तारेतून वाहते. "भाई, कायएक काळजी करू नको," तो भाईंच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "थंय घरच्यासारखा सगळा करतंय."

आणि आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. कौल झाल्यापासून तिच्या अंगात बळ संचारलं होतं. तांदूळ बांधले, पापड बांधले, देवापुढे नारळ ठेवला. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून ओठ हलवत उभी राहायची, पदर डोळ्यांना लावायची आणि कामाला लागायची. "देवाच्या मनात आसात तसा होतला," एवढंच म्हणायची. गावपळणीत गावातली इडापिडा जाते, म्हणून आता नवरा उठून बसणार, असं तिनं धरलं आहे हे दिसतच होतं. खरं सांगते, तिच्या त्या आशेचा मला राग यायचा. घरातलं सगळं खरं मी एकटीनं वाहायचं आणि हिनं देवाला गोड बोलत राहायचं, असं मनात यायचं.

ठरल्या दिवशी भाईंना खाटेसकट व्हॅनमध्ये घातलं. सुदेश बॅटरी मांडीवर घेऊन बसला. घराला कडी घालताना मी भाईंकडे बघायचं टाळलं. पुलावर माणसांची, म्हशींची, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग होती, आणि व्हॅन बघून सगळे बाजूला होत होते.

झोपडी सुदेशनं खरंच छान केली होती. पंखा, बल्ब, यंत्राला वेगळी जोडणी, जनरेटर लांब झाडाखाली. लोक भेटायला आले. गंगारामकाका खाटेशी उकिडवे बसले. "भाई, तुज्याशिवाय यंदा वाडये फिराक मजा नाय. एक कुत्रो रवललो, परत जावन हाडूक लागलो." लोक हसले. भाईंच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. लोक थोडा वेळ बसायचे, यंत्राचा आवाज ऐकायचे, आणि कुणीतरी "सांभाळा" म्हणून उठायचं. मग शेजारच्या झोपडीतून त्यांचं हसणं पुन्हा सुरू व्हायचं. त्यांचा काय दोष? सणासाठीच आली होती माणसं.

संध्याकाळी मी तक्ता घेऊन बसले. भाईंनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. मी वाट बघितली. "भाई, तहान लागली? कूस बदलू?" उत्तर नाही. तक्ता खाली ठेवला तसे डोळे उघडले, पण छपराकडे. दुसऱ्या दिवशीही तेच. आईकडे बघायचे, सुदेशकडे बघायचे, मी तक्ता उचलला की मिटायचे. त्यांच्याकडे बोलायचं एवढंच उरलं होतं, आणि तेही त्यांनी माझ्यापुरतं बंद केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं असं वाटत होतं, आणि ते काहीच करू शकत नव्हते. झोपडीमागे जाऊन मी तोंडात ओढणी कोंबून रडले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बापासाठी रडते. रडत होते मी माझ्यासाठी.

चौथ्या दिवशी सकाळी गावकर कौल घ्यायला देवळात गेले. काय होतंय ते कळावं म्हणून सगळा माळ पुलाकडे गोळा झाला. आकांक्षाही तिकडेच होती. जनरेटर सकाळपासून खोकत होता, म्हणून सुदेश कॅन घेऊन मोटरसायकलवर पेट्रोल आणायला गेला होता. बॅटरी होतीच. निदान आमची तशी समजूत होती. आदल्या संध्याकाळी भजनमंडळींचा स्पीकर बंद पडला तेव्हा सुदेशनं मोठ्या मनानं बॅटरीवर जोडून दिला होता. "भाईक भजन आवडता," म्हणाला. भजन रंगलं, बॅटरी संपली, आणि परत भरली का ते बघायचं कुणालाच सुचलं नाही.

जनरेटर दोन आचके देऊन थांबला. पंखा थांबला. यंत्र थोडं चाललं आणि मग केकाटायला लागलं, आणि शेवटी गप्प झालं.

झोपडीत मी आणि आई. मी सुदेशला फोन लावला. तो पंपावर होता. "इलंय, इलंय," एवढंच ओरडला. मी वळले तर आई खाटेशी उभी होती. तिनं भाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातली कळशी उचलली. "मी पाणी हाडतंय," म्हणाली आणि निघून गेली.

पाणी! दोन भांडी भरलेली होती. भीतीनं हिचं डोकं फिरलं असं मला वाटलं, आणि माझा संताप झाला. पण बोलायला वेळ कुठे होता? श्वास द्यायचा रबरी फुगा पिशवीत होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघा भावंडांना तो शिकवला होता. मी यंत्राचा मुखवटा काढला, फुग्याचा लावला आणि दाबायला सुरुवात केली.

भाईंनी डोळे उघडले. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आणि दोनदा मिटले.

मी दाबत राहिले. त्यांनी पुन्हा दोनदा मिटले. थोडं थांबून पुन्हा. घाई नाही, राग नाही, मूल आपल्याला समजत नाही तेव्हा आपण सावकाश सांगतो तसं. नको. नको. माळावर माणूस नव्हतं, घरात कोंडून जे होणार होतं ते इथं उघड्यावर आपसूक आलं होतं. कुणी मला कधी विचारलं नसतं. मी काहीच करायचं नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

मी थांबले. एकदा थांबले. फुगा हातात धरून उभी राहिले. भाईंची छाती उचलायला धडपडायला लागली, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठांचा रंग उतरला. डोळे माझ्यावरून हलले नाहीत. आणि त्या ओठांकडे बघून माझा सगळा धीटपणा गळाला. मी दाबलं. हुंदके देत, "भाई, माका जमणा नाय, माका जमणा नाय" म्हणत मी दाबत राहिले. बोटं बधिर झाली तेव्हा तळव्यांनी दाबलं. पुढे भाईंनी डोळे मिटले ते उघडले नाहीत, पण छाती माझ्या हाताबरोबर वरखाली होत राहिली.

सुदेश आला, जनरेटर सुरू झाला, यंत्र लागलं. तेवढ्यात पुलाकडून आरडाओरडा झाला. देवानं कौल दिला होता, गाव परत जाणार होता. मंडळी धावत आली ती आमच्या झोपडीत शिरली. आकांक्षानं मला मिठी मारली. कुणी पाणी दिलं. "चेडवान बापाशीक वाचवल्यान!" गंगारामकाका बाहेरच्यांना सांगत होते, आणि बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. सुदेश माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला ढकलून दिलं. त्याला वाटलं, थकव्यानं.

सगळे आवराआवरीला पांगले तेव्हा आई आली. कळशी रिकामी होती. ती माझ्या शेजारी बसून चटई गुंडाळायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "कित्याक गो दाबीत रवलंस?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"मी मुद्दाम गेललंय," आई म्हणाली. "माका बघूक धीर नाय होतो. तुका जमात असा वाटला."

"तुका म्हायत होता?"

"ह्यांचा तोंड वाचूक माका तक्तो कित्याक होयो?"

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू तरी सांगलंस?"

बाहेर कोंबड्या पकडायची धांदल चालली होती. मी विचारलं, "आये, तू देवाकडे रोज काय मागी होतंस?"

"सोडव म्हणान," आई म्हणाली. "दुसरा काय मागतलंय?" तिनं चटईला दोरी बांधली, गाठ दातांनी ओढली. "तुझा चुकला नाय. माका तरी खंय जमला? कळशी घेवन पळालंय मगे." मग ती उठली आणि भाईंच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसू लागली. भाईंनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती. मला तिथं बसवेना, पण जायचं तरी कुठे?

घरी परत आलो. तीन दिवस बंद असलेल्या घराला कुबट वास येत होता. आईनं चूल पेटवली, दिवा लावला. भाई पुन्हा त्यांच्या जागी, यंत्र त्याच्या जागी. मी तक्ता समोर धरला तेव्हा भाईंनी डोळे मिटले नाहीत. अक्षरं एकेक करून जुळवली: रडा नको. मी तक्ता घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आता मागणारे दोघे होते, द्यायला कुणाच्यात धीर नव्हता, आणि एवढं तिघांनाही कळून चुकलं होतं.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी सुदेश कुडाळला गेला आणि टेम्पोतून एक मोठा इन्व्हर्टर घेऊन आला. दोन जाडजूड बॅटऱ्या, नवी वायर. दिवसभर भिंतीला भोकं पाडत होता. झालं तेव्हा त्यानं मेन स्विच खाली ओढला. घरातला पंखा थांबला, बल्ब गेला, आणि भाईंचं यंत्र मात्र तसंच चालू राहिलं. सुदेश घामानं निथळत खाटेशी बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो भाईंजवळ बसून रडला नाही.

"आता लायट गेली तरी टेन्शन नाय, भाई," तो भाईंचा हात हातात घेऊन म्हणाला. "माका विचारशीत तर वर्सां नि वर्सां चलात. पुढच्या गावपळणीक पण हीच न्हेवया. बरा झाला मा?"

आई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं जमिनीकडे बघितलं.

भाई आपल्या मुलाकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. एकदाच.

"बघलंस?" सुदेश हरखून माझ्याकडे वळला. "हो म्हणाले भाई!"

"होय," मी म्हटलं. आई पेजेचं भांडं घेऊन आली, आणि मी नळी धरली.